चेंडूचा दृष्टान्त

"शिकायला गेली म्हणा, वहिनी. खेळायला गेली असं चारचौघांत सांगू नका." नात अमेरिकेला निघाली तेव्हा माझ्या नणंदबाईंनी मला असं बजावलं. त्यांच्या मनात मुलीच्या लग्नाची काळजी होती. शिवाय उज्जैनमधल्या आमच्या मराठी घरांत कोण काय बोलेल, याचा त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. नात पेनसिल्वेनियातल्या एका छोट्या कॉलेजात शिकते आणि तिथल्या मुलींच्या फुटबॉल संघात लेफ्ट बॅक म्हणून खेळते. फीचा मोठा भाग त्या खेळामुळेच माफ झालेला आहे. खेळ नसता तर शिक्षणही नव्हतं. तरी मिरवायचं ते शिक्षण आणि झाकायचा तो खेळ.

मी आयुष्यभर मुलींना संस्कृत शिकवलं. म्हणून मला हा प्रश्न घरगुती वाटत नाही, धर्माचा वाटतो. विद्या पवित्र आणि खेळ हलका, अशी प्रतवारी आपल्या धर्मविचाराने केली आहे का? माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते का, हे मला इथे नीट मांडायचं आहे.

सुरुवात आमच्याच गावापासून करते. उज्जैनमध्ये कृष्ण दोन ठिकाणी आहे. अंकपातावर सांदीपनींच्या आश्रमात तो विद्यार्थी आहे: बलराम आणि सुदाम्याबरोबर बसून पाटीवर लिहिणारा. मथुरेहून इतक्या लांब तो शिकायला आला, चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकला, असं भागवत सांगतं. आश्रमातलं गोमती कुंड यात्रेकरूंना आजही दाखवतात. दुसरा कृष्ण छत्री चौकातल्या गोपाळ मंदिरात आहे. तो गोपाळ, गाई राखणारा, सवंगड्यांत रमणारा. उज्जैनकर अभिमानाने सांगतात ते पहिल्याचं: देवसुद्धा आमच्या गावी शिकायला आला. पण घरोघरच्या देव्हाऱ्यात, पाळण्यात, गोकुळाष्टमीच्या हंडीखाली कोण असतो? दुसराच. लिहिणाऱ्या कृष्णाची मूर्ती मला आश्रमाबाहेर फारशी कुठे दिसलेली नाही. रांगणारा, लोणी चोरणारा, यमुनेच्या काठी खेळणारा कृष्ण मात्र देशभर आहे. कालियाच्या कथेत भागवतात चेंडू नाही. डोहाचं पाणी विषारी झालं म्हणून कृष्ण कदंबावरून उडी घेतो. आपल्या लोकांनी ती कथा सांगता सांगता तिच्यात चेंडू आणला. देव डोहात उतरला तो चेंडूसाठी, असं सांगताना कुणालाही देव लहान झाल्यासारखं वाटलं नाही.

लोककथेचं सोडा, आचार्यांकडे वळू. ब्रह्मसूत्रांत एक अडचणीचा प्रश्न येतो. ईश्वराला काही कमी नाही, मग त्याने जग का निर्माण केलं? गरज असेल तर तो अपूर्ण ठरतो, आणि गरज नसेल तर या खटाटोपाला अर्थ उरत नाही. सूत्रकारांचं उत्तर लीला असं आहे. शंकराचार्य तिथे सगळं मिळालेल्या राजाच्या क्रीडेचं उदाहरण देतात, आणि पुढे श्वासाचं: श्वास आपण कशासाठीही घेत नाही, तो चालतो. रामानुजाचार्यांचं उदाहरण मला जास्त आवडतं. सात द्वीपांच्या पृथ्वीवर राज्य करणारा, शौर्याने परिपूर्ण असा राजा चेंडू वगैरे खेळतो, ते केवळ खेळण्यासाठी. ईश्वराची सृष्टी तशी. श्रीभाष्यात हा दृष्टान्त आहे आणि तो चेंडूचा आहे. जग का आहे, या सगळ्यात मोठ्या प्रश्नावर बोलताना एवढ्या मोठ्या आचार्यांना यज्ञ आठवला नाही, अध्ययन आठवलं नाही, दान आठवलं नाही. त्या प्रत्येकामागे काही मिळवायचं असतं. खेळ तेवढा त्यांना स्वयंपूर्ण दिसला.

यावर एका विद्वान स्नेह्यांनी मला अडवलं. ते म्हणाले, "ताई, शंकराचार्यांच्याच नावावरच्या भज गोविंदम् स्तोत्रात बाळपण खेळण्यात गेलं अशी खंत आहे, ती कशी विसरता?" विसरत नाही. पण त्याच श्लोकात तारुण्य आणि वार्धक्य कशात गेलं तेही सांगितलंय. म्हातारा चिंतेत बुडाला म्हणून आपण विचार करणं सोडत नाही. स्तोत्राचा रोख गुंतून पडण्यावर आहे. विद्येतही माणूस तसाच गुंततो. त्या स्तोत्राची सुरुवातच मुळी मरण जवळ आलं असताना व्याकरण घोकत बसणाऱ्याला जागं करण्याने होते! व्याकरण शिकवून पोट भरलेल्या बाईने हे ध्यानात ठेवायलाच हवं.

आता मुलींचं. राजा खेळला तर लीला आणि मुलगी खेळली तर उंडारणं, असं कुठे आहे का? मला तर उलट सापडतं. दंडीच्या दशकुमारचरितात मित्रगुप्ताच्या कथेत कंदुकावती नावाची राजकन्या आहे. विंध्यवासिनी देवीचीच आज्ञा आहे की सातव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत या मुलीने दर महिन्याला कृत्तिका नक्षत्राच्या दिवशी चेंडू खेळून देवीला संतुष्ट करावं. लोकांसमोर, उघड्यावर, उत्सव म्हणून. दंडी तिच्या खेळाचं वर्णन इतक्या बारकाव्याने करतो की चेंडू कधी जमिनीवर आपटला, कधी हाताच्या मागच्या बाजूने उचलला, गती कधी मंद झाली, कधी वाढली, हे डोळ्यांसमोर येतं. तो खेळ हीच पूजा. फूल नाही, नैवेद्य नाही.

कालिदास तर आमचाच. त्याच्या नावाची अकादमी इथे आहे, दर वर्षी समारोह होतो. त्याची पार्वती लहानपणी मंदाकिनीच्या वाळूत वेदी रचते, बाहुल्या आणि चेंडू खेळते. मोठी झाल्यावर ती शिवासाठी घोर तप करते. 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात एक तरुण ब्रह्मचारी तिच्याकडे येतो आणि चौकशी करतो: समिधा-दर्भ मिळतात ना, स्नानाला पाणी आहे ना, आणि अंगात जेवढी ताकद आहे तेवढंच तप करतेस ना? कारण शरीर हे धर्माचं पहिलं साधन आहे. हे वचन आज व्यायामशाळांच्या भिंतींवर रंगवलेलं असतं, शेजारी मारुती आणि दंड-बैठका काढणारे पहिलवान. ते मुळात कुणाला उद्देशून आहे, हे मी दर वर्षी वर्गात विचारायचे आणि मुली गप्प बसायच्या. ते एका मुलीला उद्देशून आहे. आणि बोलणारा वेषांतर केलेला शिव आहे, म्हणजे आमचा महाकाल. कालिदासाच्या कवितेत शरीराची थोरवी सर्वांत आधी एका तरुणीला ऐकवली गेली, तीही देवाच्या तोंडून. भिंतीवर लिहिताना आपण त्या मुलीला पुसून टाकलं.

पोथीतल्या या गोष्टी जुन्या वाटत असतील तर श्रावणातली मंगळागौर आठवा. पूजा सकाळी होते, पण व्रत पुरं होतं ते रात्रीच्या जागरणाने, आणि जागरण म्हणजे खेळ. फुगडी, झिम्मा, पिंगा, लाट्या बाई लाट्या, गाठोडं. नऊवारी नेसून बसफुगडी घालून बघा म्हणजे मांड्यांत किती जोर लागतो ते कळेल. माझ्या नणंदबाई त्यात अशा तरबेज होत्या की फ्रीगंजमधल्या मंगळागौरींना त्यांना मुद्दाम बोलावणं यायचं. देवीसमोर रात्रभर खेळलेल्या बाईला खेळ हलका वाटू नये. त्यांना तसं वाटत नाहीच, त्यांना लोकांची भीती वाटते. आणि लोकांची भीती आपण धर्माच्या खात्यावर लिहून मोकळे होतो.

गोपाळ मंदिर कुणी बांधलं, हेही सांगायला हवं. दौलतराव शिंद्यांच्या राणी बायजाबाईंनी. त्या कागलच्या घाटग्यांची लेक. घोड्यावर बसण्यात त्यांचा हात धरणारे थोडे. १८३५ साली फत्तेगडच्या मुक्कामात फॅनी पार्क्स ही इंग्रज प्रवासी त्यांना भेटली. इंग्रज बायका घोड्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसतात, हे मराठा बायकांना फार विचित्र वाटलं. फॅनीने त्यांच्यासारखं लुगडं नेसून, मांड टाकून घोडा चालवून पाहिला आणि आपल्या देशाची रीत खुळी आहे असं पुस्तकात लिहून ठेवलं. गोपाळाचं देऊळ उभारणारी बाई अशी होती. तिच्या अंगातली ताकद आणि तिची भक्ती यांत भांडण नव्हतं.

मग भांडण आलं कुठून? माझ्या वाचनातून एवढं दिसतं की ते केवळ धर्मातून आलेलं नाही. इंग्लंडमध्ये १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला ५३ हजार लोक जमले होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तिथल्या फुटबॉल संघटनेने हा खेळ बायकांना योग्य नाही असं ठरवून आपल्या मैदानांवर त्यांना बंदी केली. ती जवळजवळ ५० वर्षं टिकली. ब्राझीलने १९४१ साली सरकारी हुकूम काढला, तो १९७९ पर्यंत. या बंद्या कुठल्या धर्मपीठाने घातल्या नव्हत्या. पुरुषांना वाटलं आणि त्यांनी नियम केला.

आमच्याकडे खेळाच्याही आधी अडवला गेला तो समुद्रप्रवास. बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रप्रवास पातकांत मोजलेला आहे. आणि तिकडे भागवतात सांदीपनींनी गुरुदक्षिणा मागितली ती कोणती? प्रभासाच्या समुद्रात गेलेला मुलगा परत आणून दे. कृष्ण समुद्रात उतरला, पांचजन्य शंख घेऊन वर आला आणि थेट यमाच्या दारापर्यंत जाऊन मुलाला घेऊन आला. उज्जैनच्या विद्यार्थ्याने विद्येचं मोल समुद्रात उतरून चुकवलं, हे समुद्रबंदी सांगणाऱ्यांना का आठवू नये?

१८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांना सेरामपूरच्या कॉलेजात भर सभेत उभं राहून स्वतःची बाजू मांडावी लागली. हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं वय वर्षं अठराच्या आतल्या त्या मुलीने सांगितलं. १८८५ च्या ऑक्टोबरात पेनसिल्वेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात काढलेलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लांबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस पूर्ण व्हायच्या आतच, पुण्यात वारल्या. तिथली थंडी, अन्नाची आबाळ, क्षय. विद्या पूर्ण झाली, शरीर पुरलं नाही. मला दर वेळी ब्रह्मचाऱ्याचा प्रश्न आठवतो: अंगात जेवढी ताकद आहे तेवढंच करतेस ना? आनंदीबाईंना हे विचारणारं कुणी जवळ हवं होतं.

माझी नात त्याच पेनसिल्वेनियात आहे, आणि योग असा की तिच्या संघात लेबनॉनची एक मुलगी आहे. बैरूतमागचे डोंगर ओलांडले की दमास्कस, म्हणजे सबातचंच शेजार. तिच्या मामांनीही तिच्या आईला हेच सांगितलं होतं म्हणे, मुलगी इंजिनिअरिंग शिकते एवढंच सांग. नातीने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी नणंदबाईंना हाक मारून ते ऐकायला लावलं.

दोघींची मैत्री जमली ती उपासावरून. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि पुष्कळदा आठवड्याला दोन सामने असतात. हरतालिका नेमकी त्यात येते. नातीने विचारलं, "आजी, निर्जळी करू का? संध्याकाळी सराव आहे. पाणी नाही प्यायले तर पायात गोळे येतात." आमच्या घरी हरतालिका पार्वतीच्या तपाची आठवण म्हणून करतात. मी तिला पाचवा सर्ग सांगितला आणि म्हटलं, पाणी पी, फळं खा, वाळूचं लिंग जमलं तर कर, नाहीतर मनात कर, आणि सरावाला जा. तिकडे त्या लेबनीज मुलीपुढे रमजानात तोच प्रश्न होता. कुराणात आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजे पुढे ढकलून नंतर पूर्ण करायची मुभा आहे. पण कॉलेजच्या गावी वर्षभर राहणारी मुलगी प्रवासी धरायची का? तिने घरच्या मौलवींना विचारलं, आईला विचारलं आणि शेवटी ठरवलं की सरावाच्या दिवशीही रोजा धरायचा, फक्त प्रशिक्षकांना सांगून धावणं कमी करायचं. माझी नात अशा एका दिवशी तिच्याबरोबर सूर्यास्तानंतर जेवली. एकीने पाणी प्यायलं, एकीने नाही. दोघींनी शरीराचा आणि देवाचा मिळून विचार केला, हे मला मोलाचं वाटतं. ते सोपं नसतं, आणि त्यांच्यासाठी ते दुसऱ्या कुणी ठरवणं योग्य नाही.

दुसऱ्यांनी ठरवलेलं कसं असतं, तेही त्या मुली बघत आल्या आहेत. २०११ साली इराणच्या मुली ऑलिंपिक पात्रतेच्या सामन्याला मैदानापर्यंत आल्या होत्या आणि डोक्यावरच्या वस्त्रापायी त्यांना खेळू दिलं नाही. फिफाने ती बंदी २०१४ मध्ये उठवली. दोन वर्षांनी जॉर्डनमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक झाला, त्यात मुली डोकं झाकून खेळल्या. एक सत्ता वस्त्र घाला म्हणते, दुसरी काढा म्हणते, आणि दोघींच्या मधे चेंडू थांबून राहतो. त्याहून क्रूर सत्ताही आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये बैरूतमध्ये इस्रायलच्या हवाई हल्ल्यात सेलिन हैदर ही तरुण फुटबॉलपटू डोक्याला मार लागून कोमात गेली. ती पुढे शुद्धीवर आली. नातीच्या मैत्रिणीच्या खोलीत तिचं छायाचित्र लावलेलं आहे. शरीर हे धर्माचं पहिलं साधन, हे वाक्य त्या खोलीत उच्चारलं तर त्याचा अर्थ वेगळ्याच वजनाने कळतो.

एक आक्षेप उरतो, आणि तो मला खरोखर जड जातो. लीला निर्हेतुक असते. नातीच्या खेळाला तर हेतू आहे, फी माफ व्हायची. अमेरिकेत १९७२ साली शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला, त्यामुळे मुलींच्या खेळाला पैसा मिळू लागला. आपल्याकडच्या मुली इतर देशांतही गेल्या: दलिमा छिब्बर कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठाकडून खेळली, अदिती चौहान इंग्लंडमध्ये लफबरोला शिकायला गेली आणि वेस्ट हॅमच्या महिला संघाची गोलरक्षक झाली. पण खेळावर शिक्षण अवलंबून असलं की गुडघा दुखावला तरी मुलगी सांगायला घाबरते. मग तो खेळ राहतो की चाकरी होते?

मी याचा पुष्कळ विचार केला. कंदुकावतीच्या खेळालाही हेतू होता, चांगला नवरा मिळावा हा. पार्वतीच्या तपालाही होता. आपल्या परंपरेने सकाम साधनेला कधी हाकलून दिलेलं नाही. व्रतांची सगळी पोथी सकामच आहे. कामना साधनेला उंबरठ्यापर्यंत आणते. आत गेल्यावर ती टिकते का, हा खरा प्रश्न. मी नातीला विचारलं, खेळताना फीचं मनात येतं का? ती म्हणाली, "आजी, समोरून विंगर सुटली की तिच्या कमरेकडे बघायचं असतं, पायांकडे बघितलं की आपण फसतो. तेव्हा माझं नावसुद्धा माझ्या डोक्यात नसतं." लेफ्ट बॅकच्या नावावर सहसा गोल लागत नाहीत. तिने अडवलेला चेंडू कुठल्या फलकावर मोजून ठेवत नाहीत. फळावर हक्क न सांगता कर्म करण्याबद्दल मी वर्गात जे बोलत आले, ते तिला नव्वद मिनिटांत अनेकदा करावं लागतं, आणि ते तिने माझ्याकडून शिकलेलं नाही. चाकरीची भीती खरी आहे. पण ती संस्थेच्या व्यवहाराची आहे, खेळाची नाही. शिक्षणाचीही चाकरी होतेच, नोकरीसाठी पदवी घेणाऱ्या पिढ्यान् पिढ्या मी शिकवल्या. म्हणून विद्येला कुणी अपवित्र म्हटलं नाही. खेळाला वेगळा न्याय का लावायचा?

म्हणून माझा निकाल असा आहे. खेळ हे साधन आहे, विद्येइतकंच निखळ. मुलीने ते केलं तर त्यात काही उणं होत नाही, आणि त्यासाठी ती समुद्रापार गेली तर उज्जैनच्या रीतीला धरूनच गेली.

आता गावातल्या लोकांना एक विनंती. २०२८ चा सिंहस्थ जवळ येतोय. रस्ते रुंद होत आहेत, क्षिप्रेकाठी घाट बांधले जात आहेत, आणि छावण्या व वाहनतळांसाठी मोकळी जागा लागणारच आहे. कोट्यवधी लोक येतील, त्यांची सोय व्हायलाच हवी. पण हे करताना ज्या मैदानांवर संध्याकाळी मुली खेळतात त्यांतलं एक तरी वर्षभर मोकळं ठेवा. तिथे दिवे लावा, पिण्याच्या पाण्याची सोय करा आणि कपडे बदलायला एक खोली बांधा. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्याचा खेळ केलं, आणि खेलो इंडिया स्पर्धेतले मल्लखांबाचे सामने २०२३ साली आमच्याच गावी झाले. दोरीवर चढणाऱ्या मुली गावाने कौतुकाने पाहिल्या. चेंडूमागे धावणाऱ्या मुलींनाही तेवढी जागा द्या. देणगीदार मंडळी पुष्कळ आहेत, आणि आमच्या मराठी समाजातही आहेत. या वर्षी अन्नछत्राबरोबर मैदानासाठीही पावती फाडा.